एका ठिपक्याचा ताळेबंद

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने खगोलशास्त्रावर लिहावे, हे आमच्या संपादक-मंडळातील एका मित्राला फारसे रुचले नाही. "जमाखर्चावर लिही की, नाहीतर जीएसटीवर," असे त्याचे म्हणणे. मी त्याला सांगितले की मी जमाखर्चावरच लिहिणार आहे. फक्त पेढी जरा मोठी आहे आणि ती फार लांबून पाहायची आहे. विषय असा की, दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या खडकाळ ग्रहांवर काय चालले आहे हे ओळखायचे, तर आधी आपली स्वतःची पृथ्वी लांबून कशी दिसते ते शिकून घ्यावे लागते. आणि त्यासाठी पृथ्वी रात्रंदिवस आकाशात जी उष्णता सोडते तिचा वर्णपट फार उपयोगी पडतो. ज्या दुकानाचा हिशेब आपल्याला आतून-बाहेरून ठाऊक आहे, त्याचाच ताळेबंद आधी परक्यासारखा वाचून पाहायचा. मग परक्याचा वाचायला घ्यायचा.

या उष्णतेच्या किरणांना आपल्या मराठी शाळेच्या पुस्तकात 'अवरक्त' म्हणत. रक्त म्हणजे तांबडा, त्याच्या अलीकडचा. कन्नड विभागात लिहिणाऱ्या माझ्या मित्राने त्यांचा शब्द सांगितला, 'अवगेंपु'. केंपु म्हणजे तांबडाच. दोन्ही भाषांनी एकाच 'अव'ला धरून तो शब्द घडवला हे पाहून आम्हां दोघांनाही मौज वाटली. आता महाविद्यालयात सगळे इंग्रजीतून शिकतो, पण हा शब्द माझ्या डोक्यात मराठीतच पक्का बसला आहे, आणि दुकानातले रोजकीर्द, खतावणी, तेरीज हेही मराठीतच. म्हणून या लेखात दोन्हींची सरमिसळ झाली तर वाचकांनी चालवून घ्यावी.

१८०० साली विल्यम हर्शेल याने लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडला आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे तापमापक ठेवला. पारा चढला. न दिसणारा उजेड असतो हे तेव्हा कळले. पुढच्या काळात असेही कळले की उष्णता असलेली प्रत्येक वस्तू असा उजेड सोडत असते, आणि वस्तू जितकी गार तितका तिचा उजेड लांब लांबीच्या लाटांचा. सूर्य तापलेला, म्हणून त्याचा भर अर्ध्या मायक्रॉनवर. (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन.) पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान १५ अंश सेल्सिअस, म्हणून तिचा भर दहा मायक्रॉनच्या आसपास. आपलाही तिथेच जवळपास. आपण सगळेच दहा मायक्रॉनवर मंद तेवत असतो म्हणा ना.

हे मला पुस्तकाआधी हाताने कळले होते. २०२० साली टाळेबंदी उठल्यावर शाळा बंदच होती, तेव्हा बाबांनी मला दुकानाच्या दारात स्टुलावर बसवून हातात ते कपाळावर रोखायचे तापमापक यंत्र दिले. सगळी गिऱ्हाइके त्याला 'बंदूक' म्हणत. त्यातून काही बाहेर पडत नाही, उलट ते कपाळातून येणारा अवरक्त उजेड आत घेते आणि आकडा दाखवते. दोन महिन्यांत माझ्या लक्षात आले की हे यंत्र माणसाचा ताप सांगत नाही, कातडीचा सांगते. भर दुपारी स्कूटरवरून आलेला धडधाकट माणूस त्यात तापकरी ठरायचा आणि नुकताच तोंडावर पाण्याचा हात फिरवून आलेला माणूस बर्फासारखा गार. यंत्र आपल्या जागी बरोबर असते, त्याला जेवढे दिसते तेवढेच ते सांगते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे शुक्रापाशी तिचे काम पडणार आहे.

ग्रह पाहायला अवरक्तच का, हा प्रश्न वाजवी आहे. साध्या उजेडात सूर्य हा पृथ्वीपेक्षा सुमारे एक हजार कोटी पट तेजस्वी. लांबून पाहणाऱ्याला पृथ्वी दिसायची म्हणजे जत्रेतल्या मोठ्या दिव्याशेजारचा काजवा शोधण्यासारखे. दहा मायक्रॉनवर मात्र सूर्याचा जोर ओसरलेला असतो आणि पृथ्वी ऐन भरात असते. तिथे हा फरक एक कोटी पटीच्या आसपास उतरतो. एक कोटी म्हणजे काही थोडे नव्हे, पण हजार कोटींपुढे ही मोठीच सूट झाली. शिवाय या पट्ट्यातच ग्रहांच्या हवेतील वायू आपापल्या सह्या करून ठेवतात.

त्या सह्या एकदा मुद्दाम लांब जाऊन वाचल्या गेल्या. नोव्हेंबर १९९६ मध्ये 'मार्स ग्लोबल सर्व्हेयर' हे यान मंगळाकडे निघाले. मंगळाच्या खडकांची उष्णता मोजण्यासाठी त्यावर एक वर्णपटमापक होता. प्रवासाच्या सुरुवातीलाच, सुमारे ४७ लाख किलोमीटर अंतरावरून, यंत्र नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी ते मागे, पृथ्वीकडे वळवले. एवढ्या लांबून अख्खी पृथ्वी त्याच्या एका चौकटीत मावली, वर जागा उरली. हिमालय नाही, समुद्र नाही, बेळगाव तर नाहीच. एक ठिपका, आणि त्या ठिपक्याची एक वेडीवाकडी रेघ.

भौतिकशास्त्राच्या एका सरांनी मला या रेघेची छापील प्रत दिली. ती रेघ म्हणजे माझ्या मते खगोलशास्त्रातला सर्वांत वाचनीय ताळेबंद होय. गार होत जाणाऱ्या वस्तूची रेघ गुळगुळीत टेकडीसारखी असायला हवी. पृथ्वीची तशी नाही. १५ मायक्रॉनवर तिच्यात मोठा खड्डा आहे, तो कार्बन डायऑक्साइडचा. ९.६ मायक्रॉनवर एक अरुंद खाच आहे, ती ओझोनची. दोन्ही कडांना, आठ मायक्रॉनच्या अलीकडे आणि वीसच्या पुढे, पाण्याच्या वाफेने कुरतडलेले आहे. पाण्याच्या त्या कुरतडीत ७.७ च्या सुमारास मिथेनची बारीकशी नोंद दडलेली आहे. मधे दहा ते बाराच्या दरम्यान एक खिडकी उघडी राहते आणि तेवढ्यातूनच जमीन आणि समुद्र थेट दिसतात.

खड्डा पडतो म्हणजे वायूने उजेड गिळून टाकला, असे मी आधी वाचले होते. ते बरोबर आहे, पण अपुरे आहे. जिथे वायू उजेड अडवतो तिथे आपल्याला जमिनीचा उजेड मिळत नाही, त्या वायूचा स्वतःचा मिळतो, आणि तोही त्याच्या वरच्या थरातला. १५ मायक्रॉनवर पाहणारा माणूस पृथ्वीच्या डोक्यावरची हवा पाहत असतो, जिचे तापमान उणे पन्नास अंशांच्या घरात आहे. गार वस्तूचा उजेड कमी, म्हणून रेघ खाली जाते. म्हणजे रेघेची उंची ही खरे तर खोलीची नोंद आहे, आपण किती आतपर्यंत पाहू शकलो याची.

आता गंमत पाहा. पृथ्वीच्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन. दोन्ही मिळून ९९ टक्के भांडवल, आणि या रेघेत त्यांची नोंद जवळजवळ शून्य! या वायूंचे रेणू दोन सारख्या अणूंचे असल्यामुळे ते अवरक्ताला दाद देत नाहीत. खात्यात दिसतो तो ०.०४ टक्क्यांचा कार्बन डायऑक्साइड, आणि मिथेन तर दहा लाखांत जेमतेम दोन भाग. एखाद्या पेढीचे भागभांडवल ताळेबंदात कुठेच नसावे आणि चहापाण्याचा किरकोळ खर्च मात्र ठळक अक्षरात असावा, तसा हा प्रकार. प्राध्यापकांनी असा ताळेबंद माझ्याकडून घेतला नसता.

मग ऑक्सिजनचा पत्ता लागावा कसा? प्रमाणकावरून. सूर्याच्या जंबुपार किरणांनी ऑक्सिजन फुटतो आणि त्यातून ओझोन तयार होतो. ओझोन अवरक्तात सही करतो. ९.६ मायक्रॉनची ती अरुंद खाच म्हणजे ऑक्सिजन खरेदीची पावती. मात्र पावतीवरून रक्कम नेमकी कळत नाही. हवेत ऑक्सिजन आजच्यापेक्षा पुष्कळ कमी असला तरी ओझोनची खाच बऱ्यापैकी दिसते, म्हणजे व्यवहार झाला एवढे खात्रीने म्हणता येते, केवढ्याचा झाला ते नाही.

मिथेनचा मुद्दा मला त्याहून आवडला. १९६५ साली जेम्स लव्हलॉक याने असे मांडले की ग्रहावर जीव आहे की नाही हे पाहायला तिथे उतरायची गरज नाही, त्याच्या हवेचा हिशेब जुळतो का ते पाहावे. ऑक्सिजनच्या सहवासात मिथेन टिकत नाही, साधारण दहा वर्षांत त्याचा निकाल लागतो. दहा वर्षांत संपणारा माल जर दुकानाच्या फळीवर सतत दिसत असेल, तर मागच्या दाराने कोणीतरी तो भरत असले पाहिजे. आपल्या बाबतीत भरणारे ठाऊक आहेत: दलदली, भातशेती, गुरेढोरे, आणि आता माणसाचे तेल-वायूचे उद्योग. पृथ्वीच्या रेघेत ओझोन आणि मिथेन एकत्र दिसतात. शुक्राच्या आणि मंगळाच्या रेघेत कार्बन डायऑक्साइडचा खड्डा भला मोठा आहे, पण ही जोडी नाही.

तरीही या रेघेवर आंधळा विश्वास ठेवता येत नाही, आणि हे पुन्हा पृथ्वीनेच शिकवले. एप्रिल १९७० मध्ये सोडलेल्या 'निंबस ४' या उपग्रहाने सहारा वाळवंट, भूमध्य समुद्र आणि अंटार्क्टिका यांचे वेगवेगळे वर्णपट घेतले. सहारावर खिडकीतून दिसणारी वाळू सुमारे ४७ अंशांची आणि १५ मायक्रॉनवर खोल खड्डा. अंटार्क्टिकावर मात्र त्याच १५ मायक्रॉनवर खड्ड्याच्या जागी उंचवटा! वायू तोच, हिशेबाची चिन्हे उलटी. कारण साधे आहे, तिथे बर्फ इतका गार की त्याच्या डोक्यावरची हवाच त्याच्याहून उबदार. नावे की जमा हे वायूवर अवलंबून नाही, खालचे आणि वरचे यांत अधिक उबदार कोण यावर आहे. हे दोन आलेख शेजारी ठेवून मी बराच वेळ पाहत बसलो होतो. एरवी एखाद्या दूरच्या ग्रहावर उंचवटा दिसला असता, तर तो कार्बन डायऑक्साइडचा असेल असे कोणाच्या मनात आले असते?

शुक्राचे उदाहरण याहून कठोर. त्याच्या जमिनीवर सुमारे ४६० अंश तापमान, शिसे वितळावे इतके. पण गंधकाम्लाच्या ढगांनी तो असा गुरफटलेला आहे की लांबून अवरक्तात त्याचे तापमान उणे ४० अंशांच्या आसपास भरते. माझ्या बंदुकीपुढे तोंड धुऊन उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकासारखे. पृथ्वीसुद्धा काही पूर्ण सरळ नाही. सगळी रेघ एकत्र करून सरासरी काढली तर आपण उणे १८ अंशांचे ठरतो, प्रत्यक्षात आहोत अधिक १५ अंशांचे. मधले ३३ अंश हे हवेचे पांघरूण. पावसाळ्यात हवामान खात्याची उपग्रह-चित्रे दूरदर्शनवर दाखवतात, त्यातले पांढरेशुभ्र पुंजके म्हणजे ढगांचे गोठलेले माथे. खाली लोक घामाघूम झालेले असतात आणि वरून पाहणाऱ्याला तो प्रदेश ध्रुवासारखा थंड दिसतो.

इथवर येईपर्यंत हा विषय माझ्यासाठी कुतूहलाचा होता. पुढचा भाग वाचला तेव्हा तो घरचा झाला.

स्वित्झर्लंडमधील ज्यूरिख येथे ईटीएच या संस्थेत मेटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० पासून पुढे एक काम केले. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहांनी वर्षानुवर्षे जमवलेली अवरक्त मोजमापे घेतली, उत्तर ध्रुवावरून, दक्षिण ध्रुवावरून, आफ्रिका समोर धरून, पॅसिफिक समोर धरून अशी पृथ्वी पाहिली, आणि प्रत्येक वेळी सगळ्याची बेरीज करून एकच ठिपका केला. प्रश्न असा होता की पृथ्वीची 'नेहमीची' रेघ कोणती? उत्तर आले की अशी एकच रेघ नाही. कोणत्या बाजूने पाहता आणि कोणत्या महिन्यात पाहता यावर ती बदलते. उत्तरेकडून पाहिले तर जमीन जास्त, म्हणून हिवाळा-उन्हाळ्याचा चढउतार मोठा. दक्षिणेकडून समुद्र जास्त, म्हणून रेघ संथ. आणि विषुववृत्ताच्या समोरून पाहिले तर अर्ध्या पृथ्वीवर उन्हाळा आणि अर्ध्या पृथ्वीवर हिवाळा, दोन्ही एकाच बेरजेत. छत्र्यांचे दुकान आणि कलिंगडाची गाडी यांचे खाते एकत्र केले तर बाराही महिने विक्री सारखी दिसेल, आणि वाचणाऱ्याला वाटेल या गावाला ऋतूच नाहीत. तरीसुद्धा उत्तर-दक्षिणेची पुरती वजाबाकी होत नाही. जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, जुलैत सर्वांत दूर, आणि तरी जुलैतच साऱ्या पृथ्वीचे सरासरी तापमान काही अंशांनी जास्त असते, कारण उत्तरेची जमीन दक्षिणेच्या समुद्रापेक्षा लवकर तापते.

आमचे कापडाचे छोटे दुकान आहे. लग्नसराई आणि दिवाळी हे त्याचे दोन हंगाम. जून ते ऑगस्ट बेळगावच्या पावसात रस्त्यावर चिटपाखरू नसते, बाबा गल्ल्यामागे पेपर वाचत बसतात आणि मी अभ्यास करतो. दोन वर्षांपूर्वी लग्नसराईचा माल भरण्यासाठी बाबांनी सप्टेंबरात कर्जासाठी अर्ज केला. बँक कोणती हे सांगण्याचे कारण नाही. तिथल्या साहेबांनी शेवटच्या तीन महिन्यांचे खात्याचे उतारे मागवले, बेरीज केली, तीनने भागले आणि धंदा अगदीच मंद आहे असा शेरा मारला. मागितलेल्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्यावर बोळवण झाली. बेरीज अचूक होती, मी स्वतः पडताळून पाहिली. आईच्या पाटल्या गहाण पडल्या आणि माल भरला. त्या रात्री जेवताना बाबा एवढेच म्हणाले, "पावसात बघून गेलाय त्यो. मे महिन्यात येऊन उभा ऱ्हा म्हणावं, पाय ठेवायला जागा गावायची नाही." पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत.

ईटीएचच्या मंडळींनी २०२४ मध्ये आणखी एक पायरी गाठली. पृथ्वीच्या याच खऱ्या रेघा घेऊन त्या दहा पार्सेक, म्हणजे सुमारे ३३ प्रकाशवर्षांवरून दिसाव्यात इतक्या पुसट केल्या, त्यांत यंत्राची खरखर मिसळली, आणि मग कोरी पाटी असलेल्या गणितापुढे ठेवून विचारले, हा ग्रह कसला? गणिताने कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ, ओझोन आणि मिथेन ओळखले, पाणी द्रवरूपात राहू शकेल असे हवामान आहे असेही सांगितले. हिशेबतपासनीसाची परीक्षा घ्यायची तर त्याला असाच ताळेबंद द्यावा, ज्याचे खरे उत्तर परीक्षकाच्या खिशात आहे. ग्रहांच्या बाबतीत असे खिशातले उत्तर असलेला, जीवसृष्टीचा ताळेबंद आपल्याजवळ एकच आहे.

परक्या ताळेबंदांचे वाचन सुरूही झाले आहे. सुमारे ४० प्रकाशवर्षांवरचा ट्रॅपिस्ट-१ हा एक लहान, मंद, तांबूस तारा. त्याच्याभोवती सात खडकाळ ग्रह फिरतात. जेम्स वेब दुर्बिणीने त्यातल्या सर्वांत आतल्या ग्रहाची उष्णता मोजली आणि मार्च २०२३ मध्ये ती जाहीर झाली. रीत अगदी आपल्या वर्गातली: ग्रह ताऱ्याशेजारी असताना दोघांचा मिळून उजेड मोजायचा, ग्रह ताऱ्यामागे गेला की एकट्या ताऱ्याचा मोजायचा, आणि वजाबाकी करायची. मोजणी १५ मायक्रॉनवर केली, कारण तिथे कार्बन डायऑक्साइड असता तर खड्डा पडला असता. खड्डा नव्हता. ग्रहाची दिवसाची बाजू सुमारे २३० अंशांची निघाली, उघड्या खडकाला शोभेल अशी. वर्तमानपत्रांनी 'हवा नाही' म्हणून मोकळे झाले.

पण २०२४ च्या अखेरीस १२.८ मायक्रॉनची मोजणी जोडीला आली आणि प्रकरण पुन्हा उघडले. उघडा खडक अजूनही जुळतो. मात्र दाट धुरकट हवा, जिचे वरचे थर खालच्यापेक्षा उबदार आहेत, तीही जुळू शकते. अशा हवेत कार्बन डायऑक्साइड खड्डा पाडत नाही, उंचवटा करतो. अंटार्क्टिकावरून १९७० साली आलेली ती उलटी नोंद माहीत असलेल्याला याचे नवल वाटू नये. माझा स्वतःचा कल खडकाकडेच आहे, कारण साधे स्पष्टीकरण पुरत असताना लांबचे घेऊ नये. पण खाते बंद केले, असा शिक्का मी इतक्यात मारला नसता.

आपल्या पृथ्वीसारख्या, सूर्यासारख्या ताऱ्यापासून बेताच्या अंतरावर फिरणाऱ्या ग्रहाची अशी रेघ आज कोणालाच घेता येत नाही. दहा पार्सेकवरून सूर्य आणि पृथ्वी यांतले अंतर एका अंशाच्या छत्तीस हजाराव्या भागाएवढे दिसते आणि दहा मायक्रॉनवर ते वेगळे करणे वेबच्या साडेसहा मीटरच्या आरशालाही जमत नाही. त्यासाठी अनेक दुर्बिणी अवकाशात एकमेकींपासून नेमके अंतर राखून उडवायच्या आणि त्यांचे उजेड असे मिळवायचे की ताऱ्याचा स्वतःशीच छेद होऊन तो विझेल आणि ग्रह उरेल. ही कल्पना ब्रेसवेल याने १९७८ साली मांडली. युरोपची 'डार्विन' ही योजना त्याच वाटेने जाणारी होती, ती कागदावरच राहिली. आता 'लाइफ' नावाची योजना ज्यूरिखच्या पुढाकाराने आखली जात आहे, चार दुर्बिणी आणि त्यांचा उजेड गोळा करणारे पाचवे यान. तिलाही अजून मंजुरी मिळालेली नाही. कर्जाचा अर्ज पडून राहणे म्हणजे काय हे मला ठाऊक असल्याने त्या मंडळींविषयी मला आपुलकी वाटते.

अशी यंत्रे झाली तर पहिल्या यादीत एचडी २०७९४ या ताऱ्याचा ग्रह बहुधा असेल. तारा सूर्याच्याच जातीचा, फक्त २० प्रकाशवर्षांवर. त्याचा हा ग्रह २०२५ साली पक्का झाला, तोही वीसेक वर्षांची मोजमापे एकत्र करून. वस्तुमान पृथ्वीच्या निदान सहापट, म्हणजे तो खडकाळच असेल असे नाही. वर्ष ६४७ दिवसांचे. पण त्याची कक्षा लांबट आहे. पृथ्वी-सूर्य अंतर एक धरले तर तो ताऱ्यापासून कधी पाऊण अंतरावर येतो, कधी जवळजवळ दोनवर जातो. ताऱ्याकडून त्याला मिळणाऱ्या उजेडात त्यामुळे जवळपास सातपट फरक पडतो. केप्लरच्या नियमाने जवळची फेरी तो झटपट उरकतो आणि बहुतेक काळ लांब रेंगाळतो. त्याच्या कोणत्याही तीन महिन्यांचा उतारा मागवून शेरा मारणाऱ्याची मला आत्ताच काळजी वाटते.

बाबांचा नवा अर्ज गेल्या महिन्यात दिला. या खेपेस मी बारा महिन्यांचा तक्ता करून जोडला आहे, दोन्ही हंगाम तांबड्या शाईने दाखवून, आणि मागच्या तीन वर्षांची तीच रेघ त्याच्यावर चढवून. रेघा एकमेकींवर बऱ्याच बसतात. निकाल हा अंक छापखान्यात जाईपर्यंत कळलेला नसेल.

तो तारा बेळगावातून नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतो. मृग नक्षत्राच्या बराच खाली, अगस्त्याच्या पश्चिमेला, दक्षिण क्षितिजापासून तीसेक अंशांवर. पण अंधुक आहे, शहराच्या दिव्यांत सापडत नाही. गेल्या डिसेंबरात कन्नड विभागातला माझा मित्र मला त्यांच्या गावी मळ्यात घेऊन गेला होता. आम्ही दहापर्यंत बांधावर बसलो. मळभ होते, ते काही हटले नाही. जानेवारीत पुन्हा जाणार आहोत.